पानाच्या पाठीमागे

पानाच्या मधल्या शिरेजवळ एक फिकट पिवळा ठिपका होता, सुईच्या टोकाएवढा. शेजारी तसाच आणखी एक. पान उजेडाकडे धरलं, की कुणी त्यावर चाळणीतून पीठ भुरभुरवल्यासारखं दिसत होतं.

"काहीतरी कमी पडतंय ह्याला," बाई म्हणाल्या.

"मागच्या खेपेला जास्त पडतंय म्हणाली होतीस," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या.

बाई पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होत्या, त्यामुळे इमारतीत त्यांना 'लॅबवाल्या बाई' म्हणत. आयव्हीचा तो वेल त्यांच्या नवऱ्यानं लावलेला. तो गेला, आणि घरात सासू, सून आणि वेल एवढेच उरले. तिघांपैकी कुणाचीच तब्येत धड नव्हती. पण तपासणी फक्त वेलाची होत होती.

दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून बाईंना बढती आली होती. साहेबांचा अधूनमधून फोन येई. "बाई, काय ठरलं?"

"कळवते, साहेब. जरा झाडाचं निस्तरू दे."

"कुठल्या झाडाचं?" साहेब विचारत. बाई विषय बदलत. सासूबाईंना एकटं टाकून जायचं कसं, हे त्या साहेबांना सांगत नव्हत्या आणि सासूबाईंनाही नाही. सासूबाईही लेकीचा फोन आला, की आतल्या खोलीत जाऊन हळू आवाजात बोलत.

बाईंनी वेलाला खत घातलं, तर पानांच्या कडा करपल्या. पाणी तोडलं, तर पानं गळाली. खिडकीत कोरड्या, उबदार जागी ठेवला, तर ठिपके दुप्पट झाले. मग त्यांनी शास्त्रशुद्ध मार्ग धरला. दोन फांद्या तोडून कुंड्यांत लावल्या. एक तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे, एक वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेकडे. एकीला पाणी कमी, दुसरीला जास्त. दर रविवारी घरच्या वेलाचं पान न् पान ओल्या फडक्यानं पुसून झालं, की बाई तोच फडका हातात घेऊन खाली जात, मग वर जात आणि तिथलीही पानं पुसून येत.

आधी डॉक्टरांनी तक्रार केली. "बाई, पेशंट माझ्याकडे बघतच नाहीत, त्या झाडाकडे बघतात. काल एक गृहस्थ दाढ न दाखवताच उठून गेले. म्हणाले, ह्यांच्याकडे झाड टिकत नाही, तिथं माझी दाढ काय टिकणार!"

शिक्षिका तर दारातच उभ्या राहिल्या. "डॉक्टरांना पाणी कमी घालायला सांगितलंत, मला जास्त. दोन्ही वाळली!"

"म्हणजे पाणी हे कारण नाही," बाई समाधानानं म्हणाल्या.

"निष्कर्ष छान आहे हो. पण शेजारच्या मनीप्लँटलाही ठिपके आलेत, त्याचं काय? आणि गुलाबाला?"

"पाहू? फडका आणलाय मी."

त्यांनी गुलाबही पुसला. पुढच्या काही रविवारांत ठिपके मजल्यामजल्यावर पसरले. जिन्यात बाईंच्या चपला वाजल्या, की लोक दारातल्या कुंड्या आत घेऊ लागले. डॉक्टरांनी आपली कुंडी कचऱ्यात टाकली आणि तिच्या जागी प्लास्टिकची फुलं ठेवली. बाईंनी तीही जवळून पाहिली.

अखेर एका रविवारी त्यांनी भिंग काढलं आणि पानाची पाठ वर केली. शिरांच्या बेचक्यात तलम जाळं होतं, आणि जाळ्यात तांबूस कण चालत होते.

"आई, कीड आहे! लाल कोळी! कोरड्या हवेत वाढतो हा. इतके दिवस मी वरचीच बाजू बघत होते."

"मग आता मार त्याला."

"मारते. पण खिडक्या बंद असताना हा मजल्यामजल्यावर गेला कसा?" असं म्हणत बाईंनी भिंग टेबलावर ठेवायला हात खाली नेला. भिंगाखाली फडका आला. फडक्यावर तांबूस कण चालत होते.

बाई खाली बसल्या. एकच ड्रॉपर दोन नमुन्यांना लावला, म्हणून प्रयोगशाळेत त्यांनी एका सहकाऱ्याचं दिवसभराचं काम ओतून टाकायला लावलं होतं. तो बिचारा रडवेला झाला होता.

"आई," त्या म्हणाल्या, "मीच."

"काय मीच?"

"मीच मारलं. त्यानं लावलेलं झाड. सगळ्यांचीच."

सासूबाई उठून आत गेल्या आणि मोरीतल्या पडद्यामागून कान तुटलेला चहाचा मग घेऊन आल्या. मगातून हिरवीगार आयव्ही लोंबत होती. एका पानावरही ठिपका नव्हता.

"ही कुठून आली?"

"तू पुसायला लागायच्या आधी तोडून ठेवली होती. लपवून."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर पुसली असतीस."

बाईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. "काय करता तुम्ही हिचं?"

"काही नाही गं. विसरते. मोरीच्या खिडकीत असते, गारव्याला." सासूबाईंनी चहाचा मग मांडीवर घेतला. "लेकीकडे न्यायला ठेवलीये. कधीची बोलावतेय ती मला."

"मग गेला का नाहीत?"

"तुला एकटीला टाकून? झाड संपलं असतं, मग काय पुसत बसली असतीस तू?" त्या मगाकडे बघत म्हणाल्या. "आणि तुझ्या साहेबांचा आवाज फार मोठा आहे गं. भिंतीपलीकडं सगळं ऐकू येतं."

खिडकीतल्या वेलाचं एक पान गळून फडक्यावर पडलं. नकळत बाईंचा हात मगातल्या पानाकडे गेला. सासूबाईंनी मांडीवरचा मग अलगद दुसऱ्या बाजूला सरकवला.

बाईंनी हात मागे घेतला, पदराला पुसला आणि तो हातही त्यांनी एकदा भिंगाखाली धरून पाहिला.

"आई," त्या म्हणाल्या, "मी ती नोकरी घेते."