समुद्र बघायला निघालेली व्हॅन

"आज सूर्य बुडताना तुझे पाय समुद्रात नसले, तर नाव बदलीन माझं!"

नागराजनं हे सकाळी अंगणात उभं राहून, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं.  केशरनं भाकरीच्या फडक्याची गाठ आणखी घट्ट केली. लग्नाला दीड वर्ष होत आलं होतं, आणि एवढ्या काळात नागराजचं नाव पाच-सहा वेळा तरी बदलायला हवं होतं!

भानगड अशी होती. केशर खानापूरकडची. मुलगी बघायला नागराजच्या गावाहून, गुंदहून मंडळी गेली, पोहे झाले, चहा झाला, आणि कुणीतरी रीतीप्रमाणे म्हणालं, "तुला काय इचारायचं असलं तर इचार, पोरी." अशा वेळी मुली मान खाली घालतात. केशरनं मान वर करून विचारलं, "तुमच्याकडनं समुद्र लांब हाय?"

नागराजला मुलगी दारातच पसंत पडली होती. तो छाती फुगवून म्हणाला, "लांब? अगं, आमचा जिल्हाच कारवार! घाट उतरला की पाय ओले!"

जिल्हा कारवार हे खरंच होतं. पण गुंद हे गाव त्या जिल्ह्याच्या रानात इतकं आत दडून बसलेलं, की तिथल्या निम्म्या लोकांनी समुद्र फक्त मोबाईलात पाहिलेला. तोही रेंज असेल तेव्हा!

लग्न झालं. मग लावणी आली, कापणी आली, मळणी आली, कुणाचं बारसं, कुणाचं बारावं. समुद्र काही येईना. एकदा नागराजनं तिला सुप्याच्या धरणाकडे नेलं, पाण्याकडे हात केला आणि म्हणाला, "सध्या हाच समज." केशरनं डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं.

"समुद्राला पल्याडचा काठ असतोय व्हय ओ?"

त्या दिवसापासून तिनं समुद्राचं नाव काढलं नाही. नागराजला हेच जास्त झोंबलं. बायको भांडली तर परवडते. ती मुकाट्यानं भाकऱ्या थापायला लागली की नवऱ्यानं समजावं, आपली पत घसरत चाललीय.

म्हणून त्यानं व्हॅन बनवली. मोबाईलवर त्यानं अशी जोडपी पाहिली होती, की जी गाडीतच निजतात, गाडीतच रांधतात आणि देशभर हिंडतात. उळवीच्या जत्रेत भोंगे लावणाऱ्या एका माणसाची जुनी पांढरी व्हॅन त्यानं पदरात पाडून घेतली आणि दोन महिने तिच्यामागं लागला. मागची सीट काढून जुन्या खाटेच्या फळ्यांची बाज बसवली, वर गादी घातली. हात धुवायला छताला पाण्याची पिशवी टांगली, तिला नळी लावली. टपावर दिवा हवा म्हणून एक दिवा बसवला आणि पाऊस लागू नये म्हणून त्याच्यावर लाल डब्याचं झाकण घातलं. हॉर्न मेला होता, तिथं जुना भोंगा जोडला. तो दाबला की "ट्यांव ट्यांव" असं काळीज चिरत जायचा. मागच्या दाराला गंजून भोक पडलं होतं, त्यावर लाल चिकटपट्टी मारली. एक आडवी. ती टिकेना, म्हणून एक उभी.

आता शहाण्या वाचकाच्या ध्यानात आलंच असेल. नागराजच्या आलं नाही!

त्याची आई बाळी हिनं व्हॅनला लिंबू-मिरची बांधली. बाप म्हादू लांबूनच म्हणाला, "ब्रेक लागतोय का बघ." केशरनं समुद्राकाठी फोटो काढायला म्हणून घेतलेला कोरा पांढरा ड्रेस घातला होता. मासे तिथंच तळायचे म्हणून हळद-मिठाच्या पुड्या एका डब्यात घेतल्या. आणि व्हॅन निघाली.

कुंभारवाड्याच्या तिठ्यावर माणसांचा घोळका उभा होता. व्हॅन दिसताच सगळे हात हलवायला लागले. नागराजची कॉलर ताठ झाली.

"बघितलंस? गाडी बघाय गर्दी जमली!"

त्यानं भोंगा वाजवून गाडी थांबवली, उडी मारून मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "बघा, बघा! लाजू नका! आत गादी हाय, पाण्याची सोय हाय, माणूस ऐसपैस निजतोय!"

"देव पावला!" घोळका म्हणाला. आणि चौघांनी एका कण्हणाऱ्या माणसाला उचलून गादीवर निजवलं. मागोमाग त्याची बायको, भाऊ, आणि पाय धरायला आणखी दोघं आत बसले.

केशर नवऱ्याच्या कानाशी लागली. "अवो, ही कोण? तुमचं पावणं?"

"मला वाटलं तुझं!"

दोघांनीही मागच्यांकडे बघून ओळखीची मान डोलावली. सासरच्या पाहुण्यांना नावानिशी ओळखलं नाही तर जन्माचा डाग लागतो, हे दोघांनाही माहीत होतं.

मागून बाई हंबरडा फोडत म्हणाली, "फणसावरनं पडल्यात ओ! आंबुलन्सला फोन केलता, एवढ्या लगी येईल असं वाटलं नव्हतं! चला आता जोयड्याला!"

"जोयड्याला?" नागराज ओरडला. "आमाला कारवारला जायाचंय!"

"कारवारला कशाला? एवढं काय मोडलेलं न्हाई!"

यशवंत नावाचा तो माणूस असा कण्हला की नागराजनं गाडी फिरवली. कारवार दक्षिणेला, जोयडा उत्तरेला. केशरनं खिडकीतून मागं जाणाऱ्या कारवारच्या रस्त्याकडे एकदा पाहिलं आणि ती तोंड फिरवून मागं वळली, कारण यशवंतची बायको तिचा पांढरा ड्रेस ओढत होती.

"सिस्टर, जरा बघा की ओ! पाय कसा टम्म फुगलाय!"

"मी सिस्टर न्हाई!"

"मोठ्या मनाची माणसं असंच म्हणत्यात!"

काय करते बिचारी! तिनं डबा उघडला आणि माशांची हळद पाण्यात कालवून यशवंतच्या पायाला लावली. यशवंतला बरं वाटलं. भाऊ कौतुकानं म्हणाला, "आता सरकारनं हळद बी चालू केली वाटतं."

जोयड्याला दवाखान्याच्या दारात यशवंतला उतरवेपर्यंत केशरला वळणांनी आणि हळदीच्या वासानं गरगरायला लागलं. ती तोंडावर ओढणी घेऊन गादीवर आडवी झाली. ड्रेसवर पिवळे डाग, टांगलेल्या पिशवीची नळी अंगावर लोंबतेय. कारवारला जायचंय, तेवढं गाडीकडे लक्ष ठेवा, असं वॉचमनला सांगून नागराज घाबरून लिंबू-सरबत शोधायला धावला. आणि नेमका त्याच वेळी गुंदचा अर्जुन मोटारसायकलवरून तिथून गेला. त्यानं नागराजची व्हॅन ओळखून मागच्या काचेतून आत पाहिलं, दारातल्या वॉचमनला काहीतरी विचारलं, आणि गाडी पिटाळत तो गुंदच्या रस्त्याला लागला. हे आमच्या जोडप्याला कळलं असतं, तर पुढचं रामायण टळलं असतं!

सरबत घेऊन नागराज परतला तर व्हॅनपाशी बोचकी घेऊन दोन बायका उभ्या. एकीच्या हातात तान्हं मूल.

"आणशीच्या वाटंला जाणार न्हवं? वॉचमन म्हणाला, ही गाडी कारवारला निघालीय."

आणशी! म्हणजे कारवारचाच रस्ता! नागराजला इतका आनंद झाला की त्यानं स्वतःच बोचकी उचलली. बाळंतिणीचं नाव सोनाली. तिला गादीवर निजवलं, सासू पायथ्याशी बसली, केशर सरबत पिऊन पुढं आली. जरा हुशारली.

"आता कुठं न्हाई थांबायचं हं," ती म्हणाली.

"आता थेट समुद्र!"

पण बाळाला घरी आणणारा माणूस म्हणजे काय थोडाथोडका पाहुणा! सोनालीचं घर मुख्य रस्ता सोडून रानात आत. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळावरून, बाळंतिणीवरून आणि मग व्हॅनवरूनही! सासूनं नागराजचा हात धरला.

"जेवल्याबिगर गेलासा तर माझ्या नातवाला लागंल!"

"आजी, उशीर होतोय ओ..."

"कसला उशीर? कोंबडी झालीच!"

कोंबडी झाली नव्हती. कोंबडी अजून पळत होती! ती गोठ्यातून केळीत, केळीतून कौलावर गेली. घरातली सगळी माणसं तिच्यामागं, शेवटी नागराजही तिच्यामागं. एवढी धडपड करून त्यानं ती धरली, तेव्हा कळलं की ही शेजाऱ्यांची. मग आपली शोधा! ती सापडली, कापली, शिजली, वाढली, तोवर उन्हं कलायला लागली होती. रस्सा मात्र असा झाला होता की नागराज तेवढ्यापुरता समुद्र विसरला. केशर विसरली नाही. ती घास हातात धरून सावल्यांकडे बघत होती.

"अजून सापडंल?" मुख्य रस्त्याला लागल्यावर तिनं विचारलं.

"सूर्य? सापडंल की! घाट उतरला की..."

एवढ्यात समोरून बस आली. कंडक्टर गुंदच्या फेरीतला, ओळखीचा. त्यानं बस थांबवून खिडकीतून डोकं काढलं.

"अरे नागराज! तू हितं काय करतोस? तुमच्या घराला कुलूप हाय! समदी दवाखान्याला गेल्यात म्हणं! टेम्पो भरून! बाया रडत हुत्या!"

"कुणाला काय झालं?"

"ते न्हाई ठाऊक! घरातलं कोणतरी बाईमाणूस म्हणत हुते!"

बस निघून गेली.  घरातलं बाईमाणूस म्हणजे केशर आणि आई. केशर तर ही शेजारी बसलीय! मोबाईलला रेंजची एक कांडी नाही. एका बाजूला घाट, त्याच्याखाली समुद्र, आणि दुसऱ्या बाजूला जोयड्याचा दवाखाना. त्यानं केशरकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघताय?" केशर म्हणाली. "आत्या हायत त्या! फिरवा गाडी!"

"पण तुझा समुद्र..."

"त्यो काय उठून चाललाय? फिरवा म्हणते न्हवं!"

ती हे म्हणाली तेव्हा तिचे डोळे भरले होते. सासूसाठी किती आणि समुद्रासाठी किती, हे नागराजला कळलं नाही. पण या बाईवर आपला फार जीव आहे, एवढं त्याला त्या वळणावर लख्ख कळलं. त्यानं भोंगा दाबला आणि व्हॅन हाणली. लोक आपणहून बाजूला होत होते!

जोयड्याच्या दवाखान्यात बाळी नावाची कुणी नव्हती. वॉचमननं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमीच की सकाळचं! पेशंट हरवलात व्हय?"

तिथून गुंद. दाराला खरंच कुलूप, आणि किल्ली बाळीच्या कमरेला. दोघं अंगणात भांबावून उभी होती, तोच शेजारची म्हातारी पडवीत आली. केशरला पाहताच तिनं पदर तोंडावर घेतला.

"अगं बया! तू बरी झालीस?"

"मला कुठं काय झालं?"

"अर्जुनानं सोताच्या डोळ्यांनी बघितलं की! तू पांढरी फटक पडलीस, नळ्या लावल्यात, अंग पिवळं झालंय, अन् वॉचमन म्हणाला गाडी कारवारला निघालीय! मग बाळी, म्हादू, आख्खी वाडी टेम्पोत बसून गेली की तुझ्यामागं! मला तेवढी जागा मिळाली न्हाई."

नागराज पायरीवर बसला. केशर त्याच्या शेजारी बसली.  कुलूप तर उघडणार नव्हतं. ज्या व्हॅनमध्ये समुद्राच्या गाजेवर निजायचं होतं, तिच्यात दोघं स्वतःच्याच दारात निजली.

सकाळी टेम्पो आला. बाळीनं चालत्या टेम्पोतूनच उतरायचा प्रयत्न केला. "केशर! माझी सोन्यासारखी सून!" असं म्हणत तिनं केशरला अशी मिठी मारली की केशरच्या हातातला तांब्याच पडला. "कारवारच्या दवाखान्यात सगळीकडं इचारलं गं! नोंद न्हाई म्हणाले. म्हणजे पोर धड हाय, तवा कुठं जीव भांड्यात पडला. मग कोणतरी म्हणालं, पेशंटची माणसं समुद्राकडं बाकावर बसत्यात, तिकडं बघा. म्हणून तिकडं गेलो, अन्..."

ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं, की नागराजला पुढचं न सांगताच कळलं.

"काय सांगू पोरी! केवढा त्यो समुद्र!"

मग कुणाला धीर निघेना. वाडीतली माणसं एकदम बोलायला लागली. सूर्य कसा पाण्यात बुडाला, वाळू पायाखालून कशी सरकते, कुणाची चप्पल कशी वाहून गेली! म्हादूच्या विजारीचे पाय अजून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेले होते. तो नागराजपाशी आला आणि गंभीरपणानं म्हणाला, "लेका, लग्नाला दीड वर्ष झालं. एकदा तरी बायकोला दाखवून आण की. बघण्यासारखा हाय."

नागराजला वाटलं, व्हॅनखाली जाऊन निजावं.

बाळीनं पिशवीत हात घालून पाण्याची एक बाटली काढली आणि सुनेच्या हातात ठेवली. "तू न्हवतीस, माझा जीव लागंना. तुझ्यासाठी भरून आणलाय. पिऊ नगो हं!"

केशरनं बाटली उजेडात धरली. टोपण काढलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं. सगळी वाडी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"कसा हाय?" नागराजनं चोरासारखं विचारलं.

"खारट हाय," केशर म्हणाली. मग तिनं बाटलीत निरखून पाहिलं. "पर अवो, ह्याच्यात लाट कुठं हाय?"

नागराजनं तिच्या हातातून बाटली घेतली, टोपण घट्ट लावलं आणि मुकाट्यानं हलवून दाखवली.