नरसक्काचे जास्तीचे नऊ

माझ्या ओळखीत एकच बाई अशी आहे, जी सत्तर किलोचा बार जमिनीवरून उचलते आणि कोपऱ्यात पाल दिसली की तोच बार टाकून बाकावर चढते. नरसक्का. वय बावन्न. जुळे सोलापुरातल्या एका जिममध्ये ती बायकांच्या दुपारच्या बॅचला ताकदीचे व्यायाम शिकवते. जिम चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्टही चालू आहे, पण अक्का जिन्यानं येते. लिफ्ट मधेच अडकली तर, म्हणते. फोन वाजला तर आधी दोन पावलं मागं सरकते आणि मग उचलते.

तिच्या तोंडी सदा एकच वाक्य. ‘छाट पडंल की.’ डोसा जरा करपला, छाट पडंल. भाचीला बघायला पाहुणे येणार, छाट पडंल. मी विडी कामगार बायकांसाठी पत्रकं लिहिते. एकदा एक तिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, चांगलं हाय, चार वाक्यं तेवढी छाट हायत. कुठली चार तेही सांगितलं. मला राग आला, कारण चारही बरोबर होती.

छाट म्हणजे काय ते सांगते. विडी वळणाऱ्या बायका पंचवीस विड्यांचा एक कट्टा बांधतात. माल कारखान्यात नेला की चेकर सुपात हात घालतो, मूठभर विड्या उचलतो आणि न आवडलेल्या मोडून फेकून देतो. बाईच्या तोंडाकडं बघतही नाही. का मोडली हे विचारायचं नाही. ती छाट. म्हणून बायका घरूनच चार विड्या जास्तीच्या नेतात. याला कुणी शिस्त म्हणतं, मी लूट म्हणते, आणि तसं छापलेलंही आहे.

अक्का वयाच्या दहाव्या वर्षापासून तीस वर्षं त्या हातापुढं उभी राहिली. मग या जिममध्ये झाडायला लागली. झाडताना केटलबेल सरकवाव्या लागत. लोखंडी गोळा, वर कडी. अक्का त्यांना कुलपं म्हणते. सरकवता सरकवता ती उचलायला लागली, आणि उचलता उचलता शिकवायला. तिच्या बॅचला आठ बायका आहेत, सगळ्या विडी घरकुल या कामगार वसाहतीतल्या. माल देऊन चारला येतात. जन्मभर सुपावर वाकून ज्यांच्या माना खालीच राहिल्या, त्या आता छताच्या पंख्याकडं बघून बोलायला लागल्या आहेत.

अशात जिमच्या मालकानं कळवलं की यापुढं प्रमाणपत्र असल्याशिवाय कुणी शिकवायचं नाही. नसेल तर बॅच बंद.

माझं डोकं फिरलं. मी रातोरात नव्हे, तिथल्या तिथं पायरीवर बसून पत्रक लिहिलं. कष्टकरी बाईला कागद मागणारे तुम्ही कोण, इथपासून सुरुवात केली आणि ‘आमची नरसक्का तुमची कुठलीही परीक्षा उभ्या उभ्या देईल’ इथं संपवलं. मालकानं ते शांतपणे वाचलं. म्हणाला, छान. पुढल्या महिन्यात परीक्षक आपल्याच हॉलमध्ये येतायत. केटलबेलची, बारची आणि नुसत्या अंगाच्या ताकदीची, अशा तीन परीक्षा आहेत. एक पुरली असती, पण कुठलीही म्हणताय तर तिन्ही देऊ द्या. पास झाली तर बॅच चालू.

हे अक्काला सांगितलं तेव्हा ती खाली बसली. बराच वेळ तळहात बघत राहिली.

“पोरी,” ती म्हणाली, “मला न इचारता किती लिवलीस गं.”

एवढंच. मला शिव्या चालल्या असत्या.

तयारी सुरू झाली. सकाळी बार, दुपारी केटलबेल, संध्याकाळी एका हातावरचे दंड. लेखी परीक्षाही होती, स्नायूंची नावं वगैरे. अक्कानं एकेक नाव चिठ्ठीवर लिहून घेतलं, चिठ्ठी विडीसारखी वळली, दोऱ्यानं बांधली. पंचवीसचा कट्टा. केटलबेलचा लाल दोरा, बारचा हिरवा, अंगाच्या ताकदीचा पांढरा. मांडीवर सूप घेतल्याशिवाय तिला पाठच होत नसे. रिकामं सूप मांडीवर, त्यात कट्टे, आणि अक्का डोळे मिटून खांद्याच्या स्नायूंची नावं पुटपुटतेय. हसू यायचं, पण तिच्या ओठांवरचा घाम दिसला की हसू विरायचं.

सगळ्यात अवघड परीक्षा केटलबेलची. सोळा किलोचं कुलूप गुडघ्यांमधून एका झटक्यात डोक्यावर न्यायचं. पाच मिनिटांत शंभर वेळा. हात वर सरळ झाला नाही तर परीक्षक ‘नो’ म्हणतो आणि तो झटका मोजत नाही. सरावाला परीक्षक मी. हातात पाटी घेऊन उभी राहायची. पहिल्या दिवशी चाळिसाव्याला तिचा कोपर वाकला आणि मी चोख म्हटलं, नो.

अक्कानं कुलूप अलगद खाली ठेवलं. मग भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. हात जोडलेले नव्हते, पण जोडल्यासारखेच वाटत होते. आठही बायकांनी माना खाली घातल्या. त्या सगळ्यांना चेकरपुढचं ते उभं राहणं माहीत होतं. त्यानंतर मला नो म्हणवेना. अक्काच म्हणायची, म्हण की, सवय हुऊ दे. मी म्हणायचे आणि दर वेळी तिच्याआधी मीच भिंतीकडं बघायचे. महिनाभर मला नीट झोप नव्हती. पत्रकात मी पुष्कळांना आव्हानं दिली आहेत, पण ती पेलायला दुसऱ्या कुणाला उभं केलेलं मी याआधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी आठही बायका काम सोडून आल्या. अक्काबरोबर चार मजले चढल्या, भिंतीला ओळीनं बसल्या. लेखी पेपर अक्कानं सूप मांडीवर घेऊनच सोडवला. परीक्षक चष्म्यातून बघत राहिला. मग तिनं सूप माझ्याकडं दिलं.

घड्याळ सुरू झालं. मी मनात कट्टे मोजत होते. एक कट्टा, दोन. तिसऱ्यात दोनदा ‘नो’ आलं. अक्काचा चेहरा राखेसारखा झाला, पण ती भिंतीकडं वळली नाही. शंभर भरले तेव्हा अर्धं मिनिट शिल्लक होतं. परीक्षक म्हणाला, बस, झालं. मी श्वास सोडला.

अक्का थांबली नाही. एकशे एक. एकशे दोन. परीक्षक पुन्हा म्हणाला, पुरे मॅडम. तिचे ओठ हलत होते. मला कळलं, ही छाटीची भरपाई करतेय. जास्तीच्या विड्या. एकशे नऊला तिनं कुलूप खाली ठेवलं, आणि कडीवर रक्त दिसलं. तळहाताची कातडी फाटून लोंबत होती.

तासाभरानं बार होता.

मालकानं पट्टी आणून दिली. अक्कानं ती गुंडाळली, खिशातून कट्ट्याचा दोरा काढून वर आवळला आणि सत्तर किलो उचलले. बार घेऊन ताठ उभी राहिली तेव्हा तिच्या डोळ्यांत नुसती भीती होती. पास झाली. दुसऱ्या दिवशी, उजवा तळहात फाटलेला म्हणून, दंड डाव्या हातावर करायला गेली. कंबर वळली. नो. पुन्हा केला, पुन्हा नो.

“एक तर छाट जाणारच की,” ती उठत म्हणाली.

‘कुठलीही परीक्षा’ हे माझेच शब्द, म्हणजे तिन्ही पास व्हायला हव्या होत्या. मालकानं माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं पाहिलं. तिथं आठ बायका माना वर करून त्याच्याकडं बघत होत्या. म्हणाला, तिसरी सहा महिन्यांनी देऊ, तोवर बॅच चालू राहू दे. पाणी प्यायला जातो म्हणाला आणि आलाच नाही.

सगळ्या गेल्यावर मी अक्काची पट्टी बदलायला बसले. आणि चिडले. शंभरला थांबली असतीस तर हात शाबूत राहिला असता, तिसरीही निघाली असती. तिथं चेकर नव्हता. मग कशाला जास्तीचे?

ती हळू आवाजात सांगू लागली. घरकुलात कुणाला ताप आला, माल कमी पडला, की शेजारणी तिच्या सुपात आपल्या दोन-दोन टाकायच्या. कुणाची विडी कुठली, चेकरला काय कळतंय.

“ह्या आठजणींना कोण परीक्षेला बोलवणार हाय गं? म्हणून शंभर झाल्यावर एकेकीचा एक घातला. सत्यम्माचा, शबानाचा, राजमणीचा...”

“ते आठ झाले अक्का. तू नऊ केलेस.”

तिनं नव्या पट्टीवर दोरा गुंडाळायला घेतला.

“नववा तुजा. भिताडाला टेकून लई थरथरत हुतीस. सूप वाजत हुतं.”

मी जुनी पट्टी गुंडाळून ठेवली. मग विचारलं, कातडी कितव्याला फाटली?

जन्मभर पंचवीसपंचवीस मोजत आलेल्या बाईनं दोऱ्याचं टोक दातात धरलं, गाठ आवळली आणि म्हणाली, “ते मोजलं न्हाय मी.”