गोड लोणी आणि पडेगावचं रूम टेम्परेचर

सांगितलं तरी कुणाचा विश्वास बसायचा नाही, म्हणून ही हकीकत आजवर झाकून ठेवली होती. पण घडली ती अक्षरशः अशीच घडली. यातला एक शब्द जरी खोटा निघाला तर सांगणाऱ्याची जीभ झडो.

माणूस नोकरीतून निवृत्त होतो, कारभारातून होत नाही. कचेरी सुटली की कारभार त्याच्या मागोमाग घरी येतो आणि मोकळी जागा शोधतो. घरात अशी जागा एकच असते, ती म्हणजे स्वयंपाकघर. (मोकळी म्हणजे जिथं आधीपासून दुसरं कुणीतरी काम करत असतं ती.)

पडेगावचे काकासाहेब चौतीस वर्षं सरकारी नोकरी करून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक झाली नाही, कारण त्यांनी एकही काम शेवटाला जाऊ दिलं नाही. असा तोलामोलाचा माणूस मे महिन्यातल्या एका सकाळी मोबाईलवर एक व्हिडिओ बघत होता. कुठल्याशा थंड देशातली एक बाई लोण्यात गोड काहीतरी कालवून ते पावावर फासत होती आणि डोळे मिटून घेत होती. काकासाहेबांनी तो व्हिडिओ अकरा वेळा बघितला. मग चष्मा काढून ते गंभीरपणे म्हणाले, "आपण जन्मभर पाव कोरडा खाल्ला."

त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई तेव्हा फ्रीजपाशी होत्या. त्यांनी फ्रीजचं दार पाठीनं दाबून धरलं, कारण फ्रीजच्या वरच्या कप्प्यात एक स्टीलचा डबा होता आणि त्या डब्यात अठरा दिवसांची साय होती.

ही साय काही अशीतशी नव्हती. लेक संस्कृती बाळंतपणाला माहेरी आली होती. येत्या गुरुवारी जावई तिला जालन्याला न्यायला येणार होते. त्याआधी सायीचं लोणी, लोण्याचं तूप आणि तुपात डिंक तळून लाडू, असा मनकर्णाबाईंचा सरळ बेत होता. लेक रिकाम्या डब्यानं सासरी गेली तर सासरचे बोलणार नाहीत, नुसते बघतील. आणि ते बघणं मनकर्णाबाईंना एकदा झेपलं होतं, दुसऱ्यांदा झेपणार नव्हतं.

"ती साय लाडवाची हाय," त्या म्हणाल्या.

"लाडू कुणीबी करतं," काकासाहेब म्हणाले. "ह्याला फ्लेवर्ड बटर म्हणतात."

त्याच दुपारी फ्रीजच्या दारावर सूचना लागली. "घरगुती गोड लोणी निर्मिती (प्रायोगिक तत्त्वावर)" असा तिचा विषय होता. एकूण नऊ कलमं होती. पहिल्या कलमानं साय ताब्यात घेतली. चौथ्या कलमानं चमच्यांना क्रमांक दिले. सातवं कलम असं: "निर्मितीदरम्यान मालाचे मूळ स्वरूप बदलल्यास अशा मालाची विल्हेवाट लावण्याची संपूर्ण जबाबदारी स्वयंपाकघरप्रमुखांची राहील." (सांडलंलवंडलं तर फडकं कुणी मारायचं, याची ही सोय होती.) नवव्या कलमाखाली स्वयंपाकघरप्रमुख म्हणून मनकर्णाबाईंची सही घेण्यात आली. सही करण्यापूर्वी त्यांनी नऊच्या नऊ कलमं वाचली. चौतीस वर्षांत असं करणारा माणूस काकासाहेबांना भेटला नव्हता, त्यामुळं त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

मग समिती झाली. समितीत अध्यक्ष काकासाहेब आणि सदस्य शेजारचे नानासाहेब. नानासाहेबांची पात्रता अशी की त्यांच्या घरी टोस्टर होता.

समितीनं तीन दिवसांत जे काम केलं त्याला तोड नाही. चार दुकानांतून पाव आणून त्याच्या एकशे बारा स्लाइस तपासल्या. त्यात एकोणनव्वद टक्के स्लाइसना दोन बाजू आढळल्या. (उरलेल्या तपासणीदरम्यान खाल्ल्या गेल्या.) लोणी कोणत्या बाजूला लावावं यावर सव्वा तास चर्चा होऊन "वरच्या" असा निर्णय झाला. व्हिडिओतली बाई ब्राऊन शुगर घालत होती. ती वाण्याकडं मोठ्यानं कोण मागणार, यावर दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि त्याऐवजी गुळाला एकमतानं मान्यता दिली. सोबत वेलदोडा आणि जायफळ.

"पप्पा, ह्याला आपण लहानपणी पोळीवर लोणी-गूळच म्हणायचो ना?" संस्कृतीनं बाळाला थोपटत विचारलं.

"ते अडाणीपणानं खायचो," काकासाहेब म्हणाले. "हे अभ्यास करून आहे."

मंगळवार उजाडला. उत्पादनातला मुख्य आणि जोखमीचा भाग म्हणजे देखरेख. ती काकासाहेबांनी स्वतःकडं घेतली. साय मिक्सरमध्ये घालणं, बर्फाचं पाणी ओतणं, सहा वेळा भांडं भरून सहा वेळा रिकामं करणं, लोण्याचा गोळा वर काढणं, तो तीन पाण्यांनी धुणं, गूळ किसणं, वेलदोडे सोलून कुटणं आणि सगळं एकजीव करणं ही किरकोळ कामं मनकर्णाबाईंकडं होती. गोळा काढताना त्या एकदा लेकीकडं बघून हळूच म्हणाल्या, "बघ गं, कसं पांढरंधोट निघालंय."

"आई, राहू दे," संस्कृती म्हणाली. "लाडू नसले तरी चालंल मला. मी सांगंन काहीतरी तिकडं."

मनकर्णाबाईंनी गूळ जरा जोरात किसला.

साडेबाराला गोड लोणी तयार झालं. काचेच्या भांड्यात ते असं दिसत होतं की नानासाहेबांनी टोस्टर आणायला धाव घेतली. पण काकासाहेब नियमाला पक्के. व्हिडिओत स्पष्ट सांगितलं होतं की पावावर नीट पसरावं म्हणून लोणी एक तास रूम टेम्परेचरला ठेवावं.

"अवो," मनकर्णाबाई म्हणाल्या, "ती रूम तिची हाय. ही आपली हाय."

"रूम ती रूम. त्यात तुझं-माझं नसतं."

भांडं हॉलमधल्या टीपॉयवर ठेवण्यात आलं. कूलर बंद करण्यात आला, कारण कूलरची हवा ही मशीनची हवा, रूमची नव्हे. पंख्याबाबत मतभेद झाले, तेव्हा तोही खबरदारी म्हणून बंद केला. बाहेर बेचाळीस डिग्री होतं. दौलताबादच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. समिती दोन्ही बाजूंना बसून घड्याळाकडं बघत घाम पुसत राहिली.

दहाव्या मिनिटाला लोण्याला चकाकी आली. ("फिनिशिंग," नानासाहेब म्हणाले.) पंचविसाव्या मिनिटाला लोण्यानं भांड्याचा आकार स्वीकारला. चाळिसाव्या मिनिटाला वर पिवळं तेल, मध्ये पांढुरकं पाणी आणि तळाशी गूळ, असे तीन स्वतंत्र विभाग अस्तित्वात आले. तरीही तास पूर्ण होईपर्यंत कुणी हात लावला नाही. शिस्त म्हणतात ती ही.

तास भरला. काकासाहेबांनी क्रमांक दोनचा चमचा बुडवला. लोणी चमच्यावरून ओघळून परत खाली गेलं.

मनकर्णाबाई आतून आल्या, भांड्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "स्वरूप बदललं का नाय?"

"तसं थोडं..."

"कलम सात," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि भांडं उचलून आत घेऊन गेल्या.

चौतीस वर्षांत काकासाहेबांवर त्यांचंच कलम कुणी उलटवलं नव्हतं. ते उठायला गेले, तर नानासाहेबांनी त्यांचा हात धरला. "बसा काकासाहेब. कागदावर बाई बरोबर हायेत."

आत गॅस पेटला. लोणी कढलं, फेस आला, गेला, आणि घरभर तुपाचा असा घमघमाट सुटला की पाळण्यातलं बाळसुद्धा गप्प झालं. वेलदोड्या-जायफळाचं रवाळ तूप गाळून निघालं. रात्रीपर्यंत डिंक तळून झाला आणि एकाहत्तर लाडू वळले गेले. इतका सुगंधी लाडू जालना जिल्ह्यात पूर्वी पोहोचल्याची नोंद नाही. गुरुवारी जावई आले. बाळाला जावयांकडं देऊन संस्कृती गाडीत बसली आणि तिनं डबा दोन्ही हातांनी मांडीवर धरला. मनकर्णाबाई गाडी वळेपर्यंत फाटकात उभ्या राहिल्या.

पण समितीचाही विजय झाला, हे इथं नमूद केलंच पाहिजे. तूप गाळल्यावर पातेल्याच्या तळाशी खरपूस, गुळात भिजलेली, तपकिरी बेरी उरली होती. मनकर्णाबाईंनी ती मंगळवारीच वाटीत घालून हॉलमध्ये पाठवली होती. समितीनं ती पावाच्या वरच्या बाजूला फासली आणि डोळे मिटले. अहवालात लिहिलं गेलं, "प्रयोग शंभर टक्के यशस्वी. उत्पादन अपेक्षेप्रमाणे तपकिरी."

अहवालावर सही करून काकासाहेब उठले. त्यांनी बाह्या सारल्या, ते मोरीत गेले, आणि मिक्सरचं लोण्यानं चिकट झालेलं भांडं, झाकण, दोन पातेली आणि क्रमांक टाकलेले सगळे चमचे गरम पाण्यानं स्वतः घासून, पुसून, पालथे...

"थांबा," सांगणाऱ्याच्या शेजारी बसून गवार मोडता मोडता ही हकीकत इतका वेळ गुपचूप ऐकणाऱ्या चतुराबाई म्हणाल्या. "हे खोटं हाय."

काय खोटं?

"समिती झाली असंल. चमच्याला नंबर टाकले असतील. बेचाळीस डिग्रीत पंखा बंद करून दोन म्हातारे बसले असतील, त्येबी पटतंय. आमच्या घरी असलंच एक हाये. पण गडी उठला अन् त्यानं मिक्सरचं भांडं घासलं? लई झालं. बरं, माझं राहू द्या. इथं ऐकायला जमलेल्या गड्यांपैकी, नायतर पुढं हे वाचणाऱ्यांपैकी, कुणीबी एकानं सांगावं, त्या भांड्याचं पातं घासताना लोणी नेमकं कुठं अडकून बसतं?"

सगळे गडी पंख्याकडं बघायला लागले.

"व्हय ना?" चतुराबाई म्हणाल्या, आणि पुढची शेंग उचलली.