डाव्या बाजूची बटणं

खरेदी करावी तर या वेणीमाधवानंच! हे मी म्हणत नाही, आमची अख्खी शाळा म्हणायची. खडू असोत, सतरंज्या असोत नाहीतर पाण्याचे माठ, सोलापुरातल्या दुकानदाराला घाम फोडून माल आणावा तो मीच. एकवीस वर्षं मी त्या शाळेत क्लार्क आहे. मागच्या वर्षी आमचे मुख्य लिपिक रिटायर झाले आणि त्यांची खुर्ची रिकामी पडली. त्या खुर्चीवर माझं मन केव्हाच जाऊन बसलं होतं. बूड तेवढं बसायचं राहिलं होतं.

मध्ये आडवा होता एकटा जोतिराम. माझा ज्युनियर. कॉम्प्युटर येतो एवढ्या भांडवलावर उड्या मारणारा! आमच्या दोघांपैकी एकाचं नाव शाळेच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी संस्थेचे अध्यक्ष महेश्वर आण्णा स्टेजवरून जाहीर करणार होते. आण्णा म्हणजे जमदग्नी. डाव्या हातानं फर्राटा सही ठोकायची, ओल्या शाईवरून स्वतःचाच पंजा फिरवायचा आणि वर "पेन कसलं आणता हो?" म्हणून माझ्यावर डाफरायचं. तर अशा माणसाला खूश करायची संधी मला आयती चालून आली. वर्धापनदिनाला बायकांनी एकसारख्या साड्या आणि पुरुषांनी एकसारखे शर्ट घालायचं ठरलं. शर्टांचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

आता सोलापूर म्हणजे युनिफॉर्म शिवणाऱ्यांचं गाव. मी जोतिरामला गाडीवर घेतलं, म्हणजे त्याच्याच गाडीवर मी बसलो, आणि चन्नप्पांच्या कारखान्यात गेलो. गठ्ठा उचलायला कुणीतरी लागतंच की! तिथं एका फळीवर आकाशी रंगाचे सुती शर्ट रचून ठेवले होते. कॉलरमध्ये पुठ्ठा, पिना टोचलेल्या, एकदम झकास!

"हे द्या," मी म्हणालो.

"ते नको साहेब," चन्नप्पा म्हणाले. "तो माल तुमच्या कामाचा न्हाय वो."

मी जोतिरामला डोळा मारला. हीच तर दुकानदारी! आधी नको नको म्हणायचं आणि मग भाव चढवायचा.

"कामाचा आहे का नाही ते मी ठरवणार!"

"ऐका तर की. त्याचं काय हाय..."

"काही ऐकायचं नाही. मोठी मापं आहेत?"

"मापं समदी हायत, पर..."

"पर नाही अन् बिर नाही! अठरा आमचे, एक आण्णांचा. बांधा एकोणीस!"

चन्नप्पांनी कपाळाला हात लावला. हरला बिचारा, असं मला वाटलं. वर्धापनदिनाच्या आदल्या संध्याकाळी मी शर्ट वाटून टाकले आणि आण्णांचा शर्ट शिपायाबरोबर बंगल्यावर पाठवून दिला.

वर्धापनदिनाची सकाळ. आंघोळ करून शर्ट अंगात घातला आणि बटण लावायला गेलो, तर बटण लागेना! बोटं नुसती चाचपडतायत. एक बटण लागलं की दुसरं सुटतंय.

"अगं अनसूया! धाव! माझी बोटं गेली!"

"कुठं गेली?" बायको स्वयंपाकघरातनं.

"गेली म्हणजे चालेनात! बटण धरता येईना. लकवा असेल का गं?"

"काल चार भाकरी मोडल्या तेव्हा बरी चालत होती!" असं म्हणत ती पिठाच्या हातानंच आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि सटासट सगळी बटणं लावून मोकळी झाली. "झालं! वय झालं आता तुमचं."

मी खचलोच. मुख्य लिपिकाची खुर्ची मिळायची वेळ आणि बोटांनी राजीनामा द्यावा?

शाळेत गेलो तर टीचर्स रूममध्ये सगळे सुतकी चेहरे. चित्रकलेचे सर स्वतःच्या पंजाकडे टक लावून बसलेले. गणिताचे सर एक ते दहा बोटं मोजतायत. आणि आमचे पी.टी.चे शहाजी सर, मूळचे बार्शीचे, ज्यांच्या मिशीला अख्खी दहावी घाबरते, ते कोपऱ्यात मूठ उघड, मूठ मिट करत उभे!

"वेणीमाधवराव," ते हळूच म्हणाले, "कुणाला सांगू नका. आज सकाळपासून माझी बोटं ऐकंनात."

"तुमची पण?"

"तुमची पण म्हणजे? तुमची सुद्धा?"

झालं! सगळ्यांनी एकदम तोंड उघडलं. अठराच्या अठरा जणांची बोटं निकामी! गणिताचे सर म्हणाले, नळाच्या पाण्यातनंच काहीतरी आलंय. चित्रकलेचे सर डोळे पुसायला लागले. जोतिरामनं मोबाइलवर लक्षणं टाकली आणि त्यातनं असा काही रोग निघाला, की दोघं जण मटकन खालीच बसले.

तेवढ्यात आमच्या शिपाई मथुराबाई चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. त्यांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं आणि ट्रे टेबलावर ठेवला.

"आगं बया! तुमच्या समद्यांची बटनं बायकांच्या बाजूला कशी वो?"

"म्हणजे?"

"बाप्याची बटनं उजवीकडं असत्यात, बाईची डावीकडं. माझ्या नातीच्या शर्टावानी हायत ही!"

सगळ्यांनी खाली मान घालून आपापल्या छातीकडं बघितलं. मग सगळ्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

मी गॅलरीत जाऊन चन्नप्पांना फोन लावला. "तेच सांगत हुतो की साहेब!" ते म्हणाले. "पेट्रोल पंपावरच्या बायकांची ऑर्डर हुती ती. रद्द झाली. तुमी कुटं ऐकून घेताय!"

मी आत आलो तर दंगल पेटलेली! गंमत बघा. दोन मिनिटांपूर्वी जी माणसं लकव्यानं मरायला टेकली होती, ती आता म्हणत होती, यापेक्षा लकवा परवडला!

"माझ्या अंगावर बाईचा शर्ट!" शहाजी सरांची मिशी थरथरत होती. "उद्या पोरं माझ्या शिट्टीला उभी राहतील का?"

"सर, आता काढायचा म्हटलं तर आत बनियन आहे नुसतं," मी म्हणालो.

"मग बनियनवर बसतो! बनियन तरी पुरुषाचं हाय!"

चित्रकलेच्या सरांना एक शक्कल सुचली. शर्ट उलटा घातला की बटणं आपोआप दुसऱ्या बाजूला येणार! त्यांनी घातला. बटणं आली बरोबर, पण ती गेली आतल्या अंगाला. बाहेर शिवण लोंबतेय आणि मानेवर मापाची पट्टी! मग गणिताच्या सरांनी शोध लावला, की मोबाइलच्या सेल्फीत डावं उजवं होतं. त्याबरोबर शहाजी सरांनी फोटोग्राफरला दारातच अडवलं आणि दम भरला, "आज फक्त सेल्फी! समोरनं कुणी फोटो काढला तर कॅमेरा जप्त!"

मथुराबाई चहा गार होताना बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"व्हय वो सर, येक इचारू का? मी सुट्टीला वळसंगला रानात जाते. लुगड्यावर मालकाचा फुल शर्ट घालून खुरपते. मालक जाऊन सा वर्सं झाली, तरी त्यांचाच शर्ट घालते. ऊन लागत न्हाय, पाती कापत न्हाय. आमच्या अख्ख्या गावातल्या बाया घालत्यात. आमाला कुनी हसलं का? मग तुमच्याच बटनाला काय धाड भरलीया?"

"तसं नसतं ते मथुराबाई," असं काहीतरी आम्ही सगळे पुटपुटलो, पण कसं असतं ते कुणालाच सांगता येईना.

"मी काय म्हणतो," जोतिराम गालातल्या गालात हसत म्हणाला, "एक शर्ट आण्णांकडं पण गेलाय ना, वेणीमाधवराव?"

अध्यक्षांना मी पेट्रोल पंपावरच्या बाईचा शर्ट पाठवला होता! ती खुर्ची मला डोळ्यांदेखत लांब लांब जाताना दिसायला लागली.

आणि तेवढ्यात फाटकातनं आण्णांची गाडी आलीच. आण्णा उतरले. अंगात तोच आकाशी शर्ट, वरपासून खालपर्यंत बटणं लावलेली. चेहरा नेहमीप्रमाणं दगडासारखा. राग आहे का आनंद, काही म्हणून कळायला मार्ग नाही.

कार्यक्रम सुरू झाला. आम्ही अठरा जण पहिल्या रांगेत हाताची घट्ट घडी घालून बटणं झाकून बसलो. पाहुणे आपसात म्हणाले, काय शिस्त आहे! शहाजी सर तर पाहुण्यांसाठी आणलेला गुच्छ छातीशी कवटाळून बसले होते. तो मागायची कुणाची हिंमत होईना.

मग आण्णा माइकपाशी गेले.

"आज मला मुख्य लिपिकाचं नाव जाहीर करायचंय," ते म्हणाले. "पर त्याच्या आधी येक सांगा. हा शर्ट कुणी आणला?"

माझ्या डाव्या बाजूला आठ कोपरं, उजव्या बाजूला नऊ, सगळी मला ढोसायला लागली.

"साठ वर्षं मी शर्ट घालतोय," आण्णांचा आवाज चढला. "असला शर्ट मला आजवर कुणी दिला न्हाई! कोण हाय तो? उभा रहा!"

मी उभा राहिलो. आणि मग माझ्या तोंडातनं जे बाहेर पडलं, त्याबद्दल मी अजूनही स्वतःला थोबाडून घेतो.

"जोतिराम!" मी ओरडलो. "आण्णा, जोतिरामनं आणला! गठ्ठा त्याच्याच गाडीवर होता! मी तर नको नकोच म्हणत होतो!"

जोतिराम पांढराफटक. आण्णांनी त्याला बोटानं स्टेजवर बोलावलं. तो गेला. आण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि काय सांगू, आण्णांच्या डोळ्यांत पाणी!

"मी जल्माचा डावरा," आण्णा म्हणाले. "लहानपणी मास्तरांनी ह्या हातावर छड्या वढल्या, पर हात काय बदलला न्हाई. रोज सकाळी बटणांशी माझी कुस्ती. आज पहिल्यांदा डाव्या हातानं सटासटा लागली! माझ्या बायकोला, पोरांना कदी कळलं न्हाई, ते ह्या पोराला कळलं. असा बारीक नजरेचा माणूस हापिसात पायजे. आजपास्नं जोतिराम मुख्य लिपिक!"

टाळ्यांचा कडकडाट! जोतिरामचं तोंड उघडंच. पण तोही काही कमी नाही. एका क्षणात सावरला आणि माइक ओढून म्हणाला, "आण्णा, तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून आम्ही सगळ्यांनीच तसले शर्ट घातलेत!"

आण्णांनी चष्मा काढून डोळे पुसले. पहिल्या रांगेतल्या हाताच्या घड्या खाडकन सुटल्या. सोळा छात्या पुढं आल्या. शहाजी सरांनी गुच्छ बाजूला फेकला, मिशीला पीळ दिला आणि फोटोग्राफरला हाक मारली, "काय रे, समोरनं काढ की! बटणं नीट आली पाहिजेत!"

मी एकटाच हाताची घडी घालून उभा होतो.

कार्यक्रम संपल्यावर मथुराबाईंनी मला कोपऱ्यात चहा आणून दिला. त्यांना आतून वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. पण गप्प बसतील तर त्या मथुराबाई कसल्या!

"सायब, राग मानू नगा," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्सं बाप्याचा शर्ट घालते. पर कुनी इचारलं, तर 'ह्यो माझा न्हाय' असं कदी म्हनलं न्हाय बगा."

मी चहा प्यायलो. दुसरं काय करणार?

आता दर शनिवारी आम्हाला तोच शर्ट घालायचा असतो, आण्णांची ऑर्डर आहे. नव्या मुख्य लिपिकांचं शनिवारी सकाळी पहिलं काम म्हणजे कुणी घातलाय, कुणी नाही, याची यादी करणं. माझ्या नावापुढं बरोबरची खूण असते. बटणं अजून अनसूयाच लावून देते.