वामनशेठच्या पिवळ्या खुर्च्या

आमच्या कडावच्या वामनशेठकडे खुर्च्या एवढ्या आहेत की अख्खं गाव एका वेळी बसेल, पण त्यांच्याकडे गेलेल्या माणसाला खुर्ची मिळत नाही. गोदामात पत्र्यापर्यंत चळती लागलेल्या, आणि शेठ आपले उपड्या घातलेल्या टोपावर. पाहुणा आला की त्याच्यासाठी दुसरा टोप उपडा करतात. एकदा कर्जतहून बँकेचे साहेब आले होते, त्यांना वरणाच्या टोपावर बसवलं. साहेब उठले तेव्हा त्यांच्या फिक्या रंगाच्या पँटवर मागे काजळीचं चांगलं गोल वर्तुळ होतं. ते तसेच बँकेत गेले म्हणे.

"खुर्ची गिऱ्हाइकाची," शेठ म्हणतात. "मालकच बसाया लागला तर गिऱ्हाइकानी काय उभं ऱ्हायाचं? धंद्याचा पयला नियम हाय, भाऊ."

मंडप डेकोरेटर वामनशेठ हे माझे शेजारी. त्यांचं गोदाम आणि माझं झेरॉक्सचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान यांच्यात एक भिंत आहे, आणि तीही अर्धीच. त्यामुळे धंदा कसा करावा हे मला रोज, न विचारता, फुकट कळतं. मी उधार दिलं नाही तर 'गिऱ्हाईक तोडू नये' हा पहिला नियम. उधार दिलं तर 'गिऱ्हाईक लाडावून ठेवू नये' हाही पहिलाच. मी एकदा वैतागून विचारलं, "शेठ, तुमचा दुसरा नियम कुठला?" त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "पयला नीट पाळला तर दुसरा लागत नाय."

शेठ मूळचे कामगार. खोपोलीकडच्या एका कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा निरोप समारंभात बाकीच्यांनी शाल-नारळ घेतले आणि डोळे पुसले. शेठनी शाल परत केली आणि कॅन्टीनमधल्या घडीच्या लोखंडी खुर्च्या मागितल्या. टेंपोत घालून घरी आणल्या, आणि धंदा सुरू. पहिल्याच कार्यात एका खुर्चीने घडी मिटता मिटता सरपंचांचा अंगठा पकडला. सरपंच पुढे कित्येक दिवस कागदांवर डाव्या हाताने सही करत होते. शेठनी लोखंडी खुर्च्या भंगारात घातल्या आणि प्लॅस्टिकच्या पांढऱ्याशुभ्र खुर्च्या आणल्या. "गिऱ्हाइकाला चिमटा बसता कामा नये." नियम अर्थातच पहिला.

पण पांढऱ्या खुर्च्यांचा जीव हळदीत गेला. आमच्याकडे लग्न दुपारी दोन तासांत उरकतं, खरा सोहळा आदल्या दिवसाची हळद. नवरीला लावून झाली की उरलेली गावाला लागते. कोण कोणाला फासतंय याला काही धरबंध नसतो, आणि मग तेच हात पुसायला हाताशी खुर्चीच असते. दुसऱ्या दिवशी शेठच्या खुर्च्या बघाव्यात तर त्यांचंच लग्न ठरल्यासारख्या. साबण झाला, ऊन झालं, लिंबू झालं. डाग जाईना.

मग शेठनी एक दिवस कल्याण गाठलं आणि व्यापाऱ्याकडे धूळ खात पडलेल्या सगळ्या पिवळ्या खुर्च्या उचलून आणल्या. एकजात पिवळ्या, झेंडूसारख्या. अख्खा तालुका हसला. मीही हसलो, आणि अर्ध्या भिंतीमुळे ते त्यांना ऐकू गेलं. पण त्या हंगामात हळदीला शेठच्या खुर्च्यांशिवाय पान हलेना. डाग दिसत नाहीत आणि फोटोत छान दिसतं, असं बायकांनी ठरवलं, मग पुरुषांचा प्रश्नच मिटला.

अडचणी आल्याच. तेराव्याला त्याच खुर्च्या पाहून बाहेरगावचे पाहुणे दारातच थबकायचे आणि हळूच विचारायचे, "नवरी कुठली?" एका फार्महाउसवाल्या मुंबईच्या बाईंना लग्नात सगळं हस्तिदंती रंगाचं हवं होतं. शेठनी पिवळ्याच पाठवल्या. बाई फोनवर ओरडल्या, तेव्हा शेठ शांतपणे म्हणाले, "मॅडम, हस्तिदंत जुना झाला की पिवळाच व्हतो."

शेठचा सगळ्यात कडक नियम मात्र खुर्च्या उचलण्याचा. तिथी दाट असल्या की एकाच खुर्च्यांवर दुपारी कडावचं लग्न आणि संध्याकाळी नेरळची हळद करायची असते. कार्य संपलं की खुर्ची टेंपोत गेलीच पाहिजे. माणूस उठत नसेल तर शेठ त्याच्या मागे जाऊन उभे राहतात. आधी खाकरतात. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतात. त्या हातावर बसून राहील असा माणूस मी पाहिलेला नाही.

माझ्या मुलीच्या लग्नात मी स्वतः उठलो. तिची गाडी देवळाच्या वळणाआड गेली होती. मी खुर्चीवर बसून त्या वळणाकडेच बघत होतो. मागून खाकरणं ऐकू आलं. "भाऊ, उठता का? नेरळला हळद हाय." मी उठलो. खुर्ची गेली. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसलो. फार वाईट वाटलं त्या वेळी. दुसऱ्या दिवशी शेठ भिंतीवरून डोकावून म्हणाले की माझ्या झेरॉक्सचा दर चुकतोय.

त्यांची मुलगी मनीषा नेरळच्या शाळेत शिक्षिका. बापाचं नाक आणि बापाचाच हट्ट. तिच्या साखरपुड्याला मांडव अर्थातच घरचा. भटजींनी "मुलीचे वडील कुठं आहेत?" अशी तीनदा हाक मारली. शेवटी वरून आवाज आला, "आलो, आलो, जरा ही गाठ सुटलीय." नेरळच्या व्याह्यांना शेठचं पहिलं दर्शन शिडीवर, खालून झालं.

पाहुणे गेल्यावर मनीषाने बापाला गाठलं. मी ताडपत्रीची घडी घालायला थांबलो होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"बाबा, लग्नाला तुमचा मांडव नको."

"मंग कोनाचा?"

"खोपोलीवाल्याचा. सांगितलंय मी त्याला. तुमी त्या दिवशी काय बी करायचं नाय. खुर्चीवर बसायचं. सगळ्यांसारखं, मुलीच्या बापासारखं."

"आनि नाय बसलो तर?"

मनीषाने त्यांच्या हातातली दोरी काढून घेतली. "तर मी मांडवपरतणीला येनार नाय."

लग्नानंतर मुलगी पहिल्यांदा माहेरी येते ती मांडवपरतणीला. ती येणार नाही म्हणाली म्हणजे विषय संपला. दुसऱ्या दिवशी शेठ माझ्या दुकानात येऊन उभे राहिले. नियम नाही, सल्ला नाही. "भाऊ, जमंल का वो मला?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, बसायचंच तर आहे. पण मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना झोप लागलेली नाही.

मग सुरू झाला सराव. दुपारी शेठ गोदामाचं शटर अर्धं ओढून घ्यायचे, चळतीवरून एक खुर्ची काढायचे आणि तिच्यावर बसायचे, दाढ काढायला आल्यासारखे. क्षणभर बसले की ताडकन उठायचे, खांद्यावरच्या टॉवेलाने खुर्ची पुसायचे आणि चळतीवर परत ठेवायचे. अर्ध्या भिंतीचा असाही एक फायदा.

लग्नाच्या दिवशी शेठ पांढरा सदरा, टोपी घालून आले. खोपोलीवाल्याने खुर्च्यांना पांढरी कापडं घालून मागे गुलाबी फिती बांधल्या होत्या. शेठ बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. डोळे मात्र वर. डावीकडची एक दोरी सैल होती. ती मलाही दिसली, म्हणजे त्यांना किती दिसत असेल बघा. त्यांचा पाय हलत होता, पण उठले नाहीत.

कन्यादानाला पाटावर बसले आणि नेमका खिशात फोन वाजला. नाव झळकलं खोपोलीवाल्याचं. भटजी थांबले. मुंडावळ्यांच्या आडून मनीषा बापाकडे बघत होती. नुसती बघत होती. शेठनी फोन काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि न उठता माझ्या हातात दिला. "भाऊ, तुमी बोला."

मी बाजूला जाऊन बोललो. खोपोलीवाला मांडवाच्याच दुसऱ्या टोकाला, आचाऱ्याजवळ उभा होता. "नेरळचा पाहुना डबल आलाय वो! खुर्च्या पुरंनात. शेठच्या गोदामातून मिळतील का? बोहल्याजवळ जाऊन इचारायची हिंमत व्हईना." मी शेठचा जुना माणूस दत्ता याला पाठवलं. परत आलो तेव्हा शेठ मुलीच्या हातावर पाणी सोडत होते आणि मनीषा हसत होती. रडतही होती. मलाही राहवेना.

जेवणं उरकली, संध्याकाळ झाली, गाडी नेरळच्या रस्त्याला लागली. शेठ हातात आलेल्या पहिल्या खुर्चीवर बसले. ती पिवळी होती. त्यांचीच.

मांडव रिकामा झाला. खोपोलीवाल्याची माणसं फिती सोडत होती. त्या संध्याकाळी कशेळ्याला शेठच्या खुर्च्यांवर हळद होती, म्हणून दत्ता घाईघाईने पिवळ्या खुर्च्या गोळा करत सुटला. वर्षानुवर्षांची सवय. तो मागून आला, खाकरला, पाठीवर हात ठेवला. "उठता का? कशेळ्याला हळ..." आणि मग त्याला दिसलं कोण बसलंय.

शेठनी मान वर केली नाही. "बसूं दे रं जरा," म्हणाले.

दत्ता बाजूला झाला. मी शेजारची खुर्ची ओढून बसलो. बऱ्याच वेळाने शेठ म्हणाले, "भाऊ, तुमाला मी उठवला व्हता नं?"

"हो."

"मंग कुटं बसलात?"

"विहिरीच्या कठड्यावर."

कशेळ्याहून फोन येत होते. ते त्यांनी वाजू दिले.

मनीषा मांडवपरतणीला आली, बापाला समोर बसवून जेवली. गोदामात शेठ अजूनही टोपावरच बसतात आणि मला पहिला नियम रोज ऐकवतात. पण परवा इथल्याच एका लग्नाला गेलो होतो. नवरीची गाडी गेलेली, टेंपो भरून तयार, इंजिन बंद. मोकळ्या रानात एकच पिवळी खुर्ची उरली होती आणि तिच्यावर नवरीचा बाप, गुडघ्यांवर कोपरं टेकून. शेठ लांब, टेंपोजवळ, त्याच्याकडे पाठ करून उभे होते.

"शेठ, नेरळच्या हळदीला उशीर होतोय," मी म्हटलं.

"व्हऊं दे. त्याला आपनहून उठूं दे." मग म्हणाले, "धंद्याचा दुसरा नियम हाय, भाऊ."

आम्ही दोघं टेंपोला टेकून उभे राहिलो.