गरीब स्वभावाची गाठ

शरीरातल्या गाठीचा स्वभाव ती पाहणाऱ्यापेक्षा न पाहणाऱ्याला अधिक अचूक कळतो. वैद्यकशास्त्राने हे अजून मान्य केलेलं नाही. भिसेगावात ते केव्हाच मान्य झालं आहे.

माझे सासरे चंदर यांच्या डाव्या मूत्रपिंडावर सोनोग्राफीत गाठ दिसली. पनवेलच्या डॉक्टरांनी मग स्कॅन करून घेतला, उलटसुलट पाहिला आणि सांगितलं, की गाठ बहुधा कॅन्सरची आहे, काढून टाका. ती कोणत्या जातीची आणि किती आक्रमक, हे मात्र काढल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच नक्की कळेल. (जात विचारणं आमच्या घराने छप्पन साली बंद केलं. डॉक्टरांनी नीट समजावल्यावर बाबांनी पेशींपुरती परवानगी दिली.) त्यानंतर एक ते चार अशी श्रेणी देतात. एक म्हणजे निवांत, चार म्हणजे घाईची.

एवढ्या शिकलेल्या माणसाने "काढल्यावर कळेल" म्हणावं, याचं भिसेगावाला वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी आमच्या ओट्यावर समिती बसली. अध्यक्षपदी शेजारचे शकूरचाचा, किराणावाले.

समितीची पद्धत साधी आहे. आधी आकार: बोर, लिंबू, पेरू आणि "अगंबाई". (बाबांची गाठ लिंबात बसली. चाचांनी, दुकानदार असल्यामुळे, उन्हाळी लिंबू की पावसाळी, असा पोटप्रकारही सुचवला.) मग स्वभाव. रोग्याचा जो स्वभाव, तोच त्याच्या गाठीचा. शेवटी इलाज: तापट गाठ ताबडतोब काढायची, गरीब गाठीला हात लावायचा नाही, कारण सुरी लागली की ती बिथरते आणि पसरते. या पद्धतीला रक्त, लघवी, उपाशीपोट काही लागत नाही. चहा लागतो. तो मी करत होते, एका हाताने, कारण दुसऱ्यावर मुलगी होती.

बाबांच्या स्वभावाबद्दल दुमत नव्हतं. रसायनीच्या कारखान्यात उभा जन्म काढला, कधी आवाज चढवला नाही. समितीच्या शंभर टक्के सदस्यांनी गाठ गरीब ठरवली. त्यांपैकी शून्य टक्क्यांनी रिपोर्ट पाहिला होता, त्यामुळे निकालावर कसलाही दबाव नव्हता. एवढी वर्षं गुपचूप बसलीय बिचारी, बसू द्या की, असं चाचांच्या घरच्या झिनतचाची मायेने म्हणाल्या.

बाबांना ते पटलं. ऑपरेशन सोमवारी होतं. शनिवारी त्यांनी पिशवीत भरलेले कपडे काढून पुन्हा खुंटीला टांगले.

"गाठ गरीब हाय गं दर्शना," ते मला म्हणाले. "गरिबाच्या वाटेला आपण कदी गेलोय का?"

माझा नवरा रत्नदीप त्यांच्याशी शास्त्राच्या बाजूने भांडला. मोबाईलवर पेशींची चित्रं दाखवली. बाबांनी ती कौतुकाने पाहिली आणि रंग छान आहेत म्हणाले. (शास्त्र इथपर्यंतच पोचतं.)

यात माझा स्वार्थ आहे, तो नोंदवून ठेवते. माझी मुलगी दुपारची फक्त बाबांच्या कुशीत झोपते, तेही डाव्याच. ती झोपते तेवढाच वेळ माझा. तो मला पुढची पुष्कळ वर्षं हवा आहे. ती कॉलेजात गेली तरी हवा आहे.

रविवारी सासूबाईंनी समितीपुढे साक्ष दिली. भीमाबाई त्यांचं नाव. दाराशी बसून तांदूळ निवडत होत्या; सुपातून मान वर न करता बोलल्या.

"गरीब? कोन, हे? सुकटीत मीठ जास्त झालं तवा आठ दिस बोलले नाय माज्याशी. वरडले नाय, नुसते गप. माज्या भावाच्या लग्नात मानपान ऱ्हायला, तर अजून त्याच्या दारात पानी पीत नाय. वरून काय दिसतं? काय नाय. आत सगळं चालूच."

समिती गंभीर झाली. नियमाप्रमाणे गाठीचा स्वभाव आता बदलला होता: वरून गप, आतून धुमसती, माफी नाही, विसरणं नाही, आणि हळूहळू मेहुण्याच्या घरापर्यंत पसरणारी. असली गाठ एक दिवसही ठेवायची नाही, असा सुधारित निकाल चाचांनी तिथल्या तिथे दिला आणि पनवेलला जायला स्वतःचा टेंपोही देऊ केला.

बाबा सासूबाईंकडे बघत राहिले. "माजं सगळं ध्यानात ठेवलंस व्हय गं?"

"ठेवनार नाय तर काय? मला नवरा एकच हाय."

कपडे पुन्हा पिशवीत गेले.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर बाबा बरेच दिवस सासूबाईंशी बोलले नाहीत; साक्ष खरी होती, एवढं त्यावरून सिद्ध झालं. मुलगी उजव्या कुशीत झोपायला शिकली. मग रिपोर्ट आला. त्यात जातही आहे, श्रेणीही आहे. वेळेत काढली, आता तपासणीला तेवढे येत राहा, असं डॉक्टर म्हणाले.

श्रेणी किती, ते मी लिहीत नाही. सुकटीचं मीठ आणि मेहुण्याचं पाणी वाचलंत, तेव्हाच तुम्ही मनात एक आकडा धरलात, रिपोर्ट न पाहता. समितीत तुमचं स्वागत आहे. येताना फक्त आपला स्वभाव कसा आहे, ते घरच्यांना विचारून या. पुढेमागे लागेल.