पांढऱ्या मोजणारे हरेश्वरदादा

लग्नाच्या पंगतीत जिलेबी तोंडाशी नेताना कुणी विचारलं, "तुमच्या पांढऱ्या किती?" तर समजावं, शेजारी आमचे हरेश्वरदादा बसलेत. चौकशी रक्तातल्या पांढऱ्या पेशींची असते, आणि उत्तर मिळेपर्यंत जिलेबी हवेतच राहते.

दादा मूळचे एडवणचे, मच्छीमारांच्या घरातले. होडीत पाय ठेवला की उलटी व्हायची, म्हणून बोईसरच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये शिरले आणि तीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. पुढे पेशी मोजायचं यंत्र आलं, तरी दादा रक्ताची काच स्वतः बघणारच. "मशीन मोजते, बघत नाय," हे त्यांचं पेटंट वाक्य.

त्यांच्या लेखी माणसांना नावं नाहीत. सरावलीतल्या आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी म्हणजे 'सहा हजार', इस्त्रीवाला 'आठ हजार दोनशे'. टपरीवरचे कामगार छेडतात, "चाचा, हमारा सफेद कितना?" दादा गंभीरपणे सांगतात, "पहले बिडी छोड, फिर बताता है."

सिद्धांत असा. "पांढऱ्या म्हणजे आगीचे बंब. ताप आला, जखम झाली, की धावायचेच. पण धूर कुठं दिसत नाय आणि बंब फिरतायत, तर कुठल्या तरी कंपनीत आत धुमसतंय. रक्तवाहिनीला आतून सूज असंल. मग पुढचा नंबर काळजाचा." हे ऐकून मी टाळ्या वाजवायचो. दादाही मान लववून स्वीकारायचे.

यंदा आमच्या कारखान्याच्या वार्षिक तपासणीत माझ्या पांढऱ्या दहा हजार आठशे आल्या; अकरा हजारांच्या हद्दीत, पण काठावर. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दारात. मोबाईलच्या उजेडात घसा पाहिला, दात ठोकले, पायाची बोटं फाकवली. कुठेच काही सापडेना, तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मधू, तंबाखू खातोस?"

"कधीमधी."

"दिवसातून सहा वेळा," आतून माझ्या बायकोने, सुनंदाने बिंग फोडलं.

"पालघरला चल. काळजाच्या डॉक्टरला दाखवू."

मी हसण्यावारी नेलं. दादा आठ दिवस रोज सकाळी येत राहिले. नवव्या दिवशी माझा तोल गेला. "दादा, कागदावर सगळं हद्दीत आहे. तुम्हाला कुणाला तरी आजारी पाडायची हौसच आहे."

ते चपलांच्या रॅकवर बसले.

"कलाचं पण हद्दीतच होतं," म्हणाले.

कलावहिनी म्हणजे दादांची बायको. बोईसरच्या बाजारात मासळी विकायच्या. चार वर्षांपूर्वी पाटीसमोर बसल्या बसल्या हार्ट अटॅकने गेल्या, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. त्याआधी दोन महिने त्यांचं रक्त दादांनीच तपासलं होतं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

"हद्दीत, पण वाढल्या होत्या जरा. मी हसून सोडलं. मासळीवालीच्या हाताला काटा लागलेलाच असतो. आमच्यात त्याला कोण जखम म्हणतंय? बंब काट्यासाठी धावले, असं धरून चाललो."

मी मुकाट्याने शर्ट घातला.

पालघरच्या डॉक्टरांनी मला फिरत्या पट्ट्यावर पळवलं, तारा लावल्या, आणि निकाल दिला: हृदय सध्या ठीक, रक्तदाब वाढलेला, गोळी सुरू, तंबाखू बंद. मी उठणार, तेवढ्यात दादा पुढे सरकले.

"साहेब, नुसत्या पांढऱ्यांवरून आधी कळतं काय?"

"नुसत्या त्यांवरून नाही सांगता येत. पण दुसरं कारण दिसत नसेल, तर ती धोक्याची एक खूण असू शकते. मग बाकीचं तपासावं."

दादांनी मान हलवली.

बाहेर बाकावर मी त्यांच्या जवळ सरकलो. "ऐकलंत ना दादा? नुसत्या त्यांवरून नाही कळत."

"ऐकलं."

समोर एक बाई नवऱ्याचे कागद पिशवीत लावत होती. दादा तिच्याकडे पाहत राहिले.

"मधू, सुई मीच टोचली रे तिला त्या दिवशी," ते म्हणाले. "हात माझ्याच मांडीवर होता. काटा हाय का नाय, उलटा करून नाय बघितला मी."